मिग्रॅ, मायक्रोग्रॅम, मिली, युनिट: डोस काढताना दशांश चिन्ह नेमकं कुठे घसरतं?

जीएनएम_दुसरंवर्ष

नमस्कार. मी जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे, सध्या पोस्टिंग मेडिकल वॉर्डात. गणिताची भीती नाही. ग्रॅमचे मिग्रॅ करायला हजाराने गुणायचं, मिग्रॅचे मायक्रोग्रॅम करायला पुन्हा हजाराने, हे पाठ आहे. पण पुस्तकातलं गणित आणि वॉर्डातलं गणित एक वाटत नाही.

पुस्तकात असतं: 'ऑर्डर ०.२५ ग्रॅम, गोळी १२५ मिग्रॅची, किती गोळ्या द्याल?' उत्तर दोन, पुढचा प्रश्न. वॉर्डात ऐकू येतं: 'हेपॅरिन ५००० दे', 'इन्सुलिन १२ लोड कर', 'नॉरॅड ५ वर आहे, लक्ष ठेव'. ५ म्हणजे ५ काय? सीनियर स्टाफला विचारलं की 'सवयीने येतं गं' म्हणतात आणि पुढच्या बेडकडे जातात. त्यांनाही वेळ नसतो, तक्रार नाही.

आमच्या मॅडमनी सूत्र दिलंय: हवा असलेला डोस भागिले हातात असलेला डोस, गुणिले तो जितक्या मिलीत आहे ते मिली. बाबा किराणा दुकानात बसतात, ते म्हणतात त्रैराशिक मांड, सूत्र विसरशील. तुम्ही लोक प्रत्यक्षात काय करता? आणि सगळ्यात जास्त घोळ कशात होतो?

आयसीयूतली_ताई

'सवयीने येतं' हे उत्तर मलाही पटत नाही. सवय ही त्या वॉर्डातल्या त्या कंपनीच्या अँप्युलपुरती (औषधाच्या काचेच्या कुपीपुरती) असते. टेंडर बदललं, दुसऱ्या कंपनीचा माल आला, की सवयीचे मिली चुकीचे ठरतात आणि हात मात्र तेवढेच ओढतो.

तू विचारलेलं 'नॉरॅड ५ वर' हेच उदाहरण घेऊ (नॉरॅड म्हणजे बीपी टिकवणारं नॉरॲड्रेनॅलिन), कारण ते रोज हँडओव्हरला, ड्यूटी बदलताना, ऐकू येतं.

आमच्या युनिटला सिंगल स्ट्रेंथ म्हणजे नॉरॲड्रेनॅलिनच्या दोन अँप्युल, ५० मिलीच्या सिरिंजमध्ये. अँप्युल नीट वाच. तिच्यावर दोन आकडे असतात: बायटार्ट्रेट ४ मिग्रॅ आणि त्यातलं मूळ नॉरॲड्रेनॅलिन २ मिग्रॅ. गणित मूळ औषधावर. म्हणजे दोन अँप्युलचे ४ मिग्रॅ, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम, ५० मिलीत. दर मिलीला ८० मायक्रोग्रॅम. हा ८० एकदा काढला की बाकी सोपं.

पेशंट ६० किलोचा, ऑर्डर ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. मिनिटाला ६, तासाला ३६० मायक्रोग्रॅम. ३६० भागिले ८०. पंपावर ४.५ मिली प्रति तास.

आता 'नॉरॅड ५ वर' म्हणजे काय काय होऊ शकतं बघ. ५ मिली प्रति तास असेल तर सिंगल स्ट्रेंथमध्ये मिनिटाला सुमारे ६.७ मायक्रोग्रॅम जातात. रात्री कुणी डबल स्ट्रेंथ लावली असेल, चार अँप्युल ५० मिलीत, तर त्याच ५ वर मिनिटाला १३.३. आणि सांगणाऱ्या डॉक्टरांच्या मनात '५ मायक्रोग्रॅम प्रति मिनिट' असेल, तर सिंगलला पंप ३.७५ वर हवा आणि डबलला १.९च्या आसपास. एकाच वाक्याचे असे चार अर्थ, आणि चारही बरोबर वाटतात. गणित कुणाचंच चुकलेलं नसतं.

म्हणून आमच्याकडे सिरिंजवरच्या लेबलवर 'नॉरॅड' एवढं लिहिलेलं चालत नाही. किती मिग्रॅ, किती मिलीत, दर मिलीला किती मायक्रोग्रॅम, कधी भरलं, कुणी भरलं, सगळं हवं. हँडओव्हर देताना पूर्ण वाक्य: 'चार मिग्रॅ पन्नासात, साडेचार मिली तासाला, म्हणजे पॉइंट वन मायक्रो पर केजी पर मिनिट.' नवीन मुलं लाजतात एवढं लांब बोलायला. लाजू नये.

अजून एक, डोपामिनचं. २०० मिग्रॅची अँप्युल ५ मिलीची असते. ती ५० मिलीत केली की दर मिलीला ४ मिग्रॅ. तोच ६० किलोचा पेशंट, ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. करून बघ, पंपावर पुन्हा ४.५च येतं. शेजारी शेजारी दोन पंप, दोन्हीवर ४.५. एकातून तासाला १८ मिग्रॅ औषध जातंय, दुसऱ्यातून ०.३६ मिग्रॅ. पन्नास पटींचा फरक, आणि आकडा तोच. सिरिंज बदलताना कुठली कुठल्या पंपात जाते हे बघायचं ते यासाठी.

ट्यूटर_मॅडम

सूत्र की त्रैराशिक, यावर आमच्या स्टाफरूममध्येही दोन तट आहेत. मी त्रैराशिकवाली.

कारण सांगते. सूत्रात मुलं आकडे भरतात, एकक सोडून देतात. हवे आहेत ०.५ ग्रॅम, हातात २५० मिग्रॅ, तर बिनधास्त ०.५ भागिले २५० करतात आणि ०.००२ आलं तरी कुणाची भुवई वर जात नाही. त्रैराशिक मांडताना वाक्य बोलावं लागतं: '८० मिग्रॅ असतात २ मिलीत, तर ६० मिग्रॅ किती मिलीत?' (हे जेंटामायसिनचं. उत्तर दीड मिली.) वाक्य बोललं की '२५० मिग्रॅ असतात ५ मिलीत, तर ०.५ ग्रॅम...' इथे जीभ अडखळते. अडखळली की आधी ग्रॅमचे मिग्रॅ करायचे. तुझ्या बाबांचं बरोबर आहे.

पण कुठलीही रीत वापर, त्याच्या आधी अंदाज. ८०ला दोन मिली, तर ६०ला दोनपेक्षा कमी आणि एकपेक्षा जास्त यायला हवं. उत्तर १५ आलं किंवा ०.१५ आलं, तर कॅल्क्युलेटरवर विश्वास ठेवायचा नाही.

मी विद्यार्थ्यांना एक खूण देते: एका डोसला तीनपेक्षा जास्त अँप्युल फोडायची वेळ आली, किंवा गोळीचा आठवा हिस्सा करायची वेळ आली, की हात थांबवा आणि दुसऱ्याकडून हिशेब करून घ्या. कंपन्या साधारणपणे माणसाच्या एका डोसला बेतूनच अँप्युल भरतात. दहा पटीची चूक इथेच पकडली जाते.

लिहिण्याबद्दल दोन गोष्टी. पूर्णांकापुढे दशांश शून्य नको: '१.०' मधला ठिपका कार्बन कॉपीत उमटला नाही की १० होतात. आणि दशांशाआधी शून्य हवाच: '.५' चे ५ होतात. 'युनिट' पूर्ण लिहा, नुसतं इंग्रजी 'यू' लिहिलं तर ते शून्यासारखं दिसतं आणि १० युनिटचे १०० वाचले जातात. मायक्रोग्रॅमसाठी ते ग्रीक अक्षर घाईत काढलं की मिग्रॅच दिसतं, तेही नको.

उपकेंद्र_सातपुडा

मॅडम, तुमची तीन अँप्युलची खूण चांगली आहे, पण आम्हा एएनएम लोकांसाठी (उपकेंद्राच्या नर्ससाठी) एक अपवाद सांगते, नाहीतर कुणीतरी नेमकं तिथे थांबेल.

गरोदर बाई झटके येऊन आली, बीपी वाढलेलं, डॉक्टर नाहीत, १०८ बोलावलीय. आम्हाला शिकवलेलं आहे: पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, १० ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम खोल आयएम (स्नायूत). अँप्युल ५० टक्क्यांची, २ मिलीची. पन्नास टक्के म्हणजे १०० मिलीत ५० ग्रॅम, म्हणजे २ मिलीत १ ग्रॅम. तर १० ग्रॅमला दहा अँप्युल! एका बाजूला ५ अँप्युल, १० मिली. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे चुकलंय असंच वाटतं. वाटायलाच हवं, पण हे बरोबर आहे.

आणि म्हणूनच अँप्युलवरचे टक्के आधी वाचायचे. टक्के बदलले तर दहाचा हिशेब बदलतो. मी प्रसूतीच्या ट्रेमध्ये दहा अँप्युल एका पिशवीत मोजून ठेवते, वर टक्के आणि तारीख लिहून. झटके येणाऱ्या बाईसमोर त्रैराशिक सुचत नाही.

पुढचे डोस पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) किंवा वरच्या दवाखान्यात देतात तेव्हा गुडघ्याचा झटका (ठोकल्यावर पाय उडतो का), श्वास मिनिटाला किमान १६, लघवी तासाला किमान ३० मिली, हे बघूनच देतात. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट, १० टक्के, १० मिली, म्हणजे १ ग्रॅम. तोही जवळ असावा.

औषधवाला_मिरज

टक्क्यांचा विषय निघालाच आहे तर फार्मसीच्या बाजूने थोडं लिहितो. सिस्टर लोक काउंटरवर नेहमी विचारतात.

१ टक्का म्हणजे १०० मिलीत १ ग्रॅम, म्हणजे दर मिलीला १० मिग्रॅ. मग टक्क्यांच्या आकड्यापुढे एक शून्य लावलं की मिग्रॅ प्रति मिली मिळतात. लिग्नोकेन २ टक्के: २० मिग्रॅ प्रति मिली. पोटॅशियम क्लोराइड (केसीएल) १५ टक्के: १५० मिग्रॅ प्रति मिली, १० मिलीच्या अँप्युलमध्ये दीड ग्रॅम. पण केसीएलची ऑर्डर येते एमईक्यूमध्ये (मिलिइक्विव्हॅलंटमध्ये). त्या अँप्युलमध्ये २० एमईक्यू, दर मिलीला २. डॉक्टरांनी ३० एमईक्यू लिहिलं तर १५ मिली, आणि तेही मोठ्या बाटलीत नीट मिसळून, सावकाश. थेट शिरेत पुश कधीच नाही. नीट न मिसळलेलं केसीएल बाटलीच्या तळाशी बसतं, म्हणून बाटली उलटसुलट करून हलवा. तीव्र केसीएल वॉर्डाच्या कपाटात सुटं ठेवू नये हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

ॲड्रेनॅलिनचं '१:१०००' हे अजून जुनं प्रकरण. १००० मिलीत १ ग्रॅम, म्हणजे मिलीला १ मिग्रॅ. '१:१०,०००' म्हणजे मिलीला ०.१ मिग्रॅ. मोठ्या माणसाच्या ॲनाफिलॅक्सिसला (जीवघेण्या ॲलर्जीला) मांडीत ०.५ मिग्रॅ आयएम देतात, म्हणजे १:१००० मधलं अर्धा मिली. गुणोत्तरातला मोठा आकडा म्हणजे औषध जास्त, असं डोक्यात बसतं, आणि खरं असतं ते उलटं. अमेरिकेत २०१६ पासून ॲड्रेनॅलिनच्या लेबलवरून हे गुणोत्तर काढून टाकलं, फक्त मिग्रॅ प्रति मिली ठेवलं. आपल्याकडेही व्हायला हवं असं माझं मत.

हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध): ५ मिलीच्या दोन प्रकारच्या व्हायल (रबरी बुचाच्या बाटल्या) येतात. एकीवर १००० युनिट प्रति मिली, म्हणजे पूर्ण व्हायल ५००० युनिट. दुसरीवर ५००० युनिट प्रति मिली, म्हणजे पूर्ण व्हायल २५,००० युनिट. 'हेपॅरिन ५०००' म्हटलं की ५००० हा आकडा दोन्हीवर सापडतो! एकीत तो अख्ख्या व्हायलचा, दुसरीत एका मिलीचा. सिस्टरताई, तुमच्या प्रश्नातलं हे उदाहरण सगळ्यात धोक्याचं आहे. अमेरिकेत २०१३ पासून हेपॅरिनवर पूर्ण व्हायलचे युनिट ठळक छापतात, ते याच गोंधळामुळे. 'प्रति मिली'च्या आधीचा आकडा आणि 'प्रति व्हायल'चा आकडा, दोन्हींवर बोट ठेवून मोठ्याने वाचा.

थोडं विषयांतर. फिनोबार्बिटोनच्या गोळ्या ३० आणि ६० मिग्रॅच्या का, किंवा ॲस्पिरिन ३२५ असलं विचित्र का, हा प्रश्न कधी पडला का? ग्रेनमुळे. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिग्रॅ. गोळाबेरीज करून अर्धा ग्रेन ३०, एक ग्रेन ६०, आणि पाच ग्रेन ३२५. भारतात मेट्रिकचा कायदा १९५६चा, पण ग्रेन अजून गोळीत लपून बसलाय.

दोन_लेकरांची_आई

मी नर्स नाही, वाचत होते. घरी पॅरासिटामॉलच्या तीन बाटल्या निघाल्या, ड्रॉप्स, सिरप आणि एक 'डीएस' लिहिलेलं. सगळ्यांचा डोस मिलीत वेगळा कसा? बाळ १० किलोचं आहे.

आयसीयूतली_ताई

ताई, फार चांगला प्रश्न. बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलेला डोस मिग्रॅमध्ये विचारून घ्या, मिलीत नको. समजा त्यांनी १५ मिग्रॅ प्रति किलो सांगितलं, तर १० किलोला १५० मिग्रॅ. आता बाटल्या:

ड्रॉप्स, १०० मिग्रॅ प्रति मिली असतील तर दीड मिली. सिरप १२५ मिग्रॅ प्रति ५ मिली असेल तर ६ मिली. 'डीएस', म्हणजे दुप्पट ताकदीचं, २५० मिग्रॅ प्रति ५ मिलीचं असेल तर ३ मिली. औषध तेवढंच.

घोळ कुठे होतो सांगते: सिरप संपलं, दुकानातून ड्रॉप्स आणले, आणि 'मागच्यासारखंच सहा मिली' दिलं. चौपट झालं. पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृतावर येतं. घरातला चमचाही वापरू नका, कुठला ३ मिलीचा तर कुठला ७चा. बाटलीसोबतचं माप किंवा सुईविना सिरिंज. आणि तिन्ही बाटल्यांवर मार्करने मोठ्या अक्षरात 'एका मिलीत इतके मिग्रॅ' असं लिहून ठेवा.

हीच गोष्ट आमच्याकडे सलाईनमधल्या पॅरासिटामॉलची. १०० मिलीत १ ग्रॅम, दर मिलीला १० मिग्रॅ. या १० किलोच्या बाळाला १५० मिग्रॅ म्हणजे १५ मिली. '१५०' पाहून कुणी १५० मिली लावलं तर दहापट. ही विशिष्ट चूक युरोपात तान्ह्या मुलांमध्ये होऊन तिथल्या औषध नियामकांना इशारे काढावे लागले होते.

एसएनसीयू_ब्रदर

लहान बाळांचा विषय निघाला म्हणून येतोच.

आमच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या कक्षात) वजन ग्रॅममध्ये लिहितात: १८५० ग्रॅम. डोस किलोवर. पहिलं काम १.८५ करणं. १८.५ नाही, ०.१८५ नाही. अमिकासिन १५ मिग्रॅ प्रति किलो लिहिलं, तर २७.७५ मिग्रॅ.

आता अमिकासिनच्या व्हायल दोन: १०० मिग्रॅ २ मिलीत, आणि ५०० मिग्रॅ २ मिलीत. दोन्ही २ मिलीच्या, काही कंपन्यांच्या दिसायलाही भाऊ-भाऊ. १०० वाल्यातून ०.५५ मिली. ५०० वाल्यातून ०.११ मिली. ५०० वाली उचलून ०.५५ ओढलं तर पाचपट, आणि हे औषध कान आणि किडनी दोन्हींना लागतं. आमच्या युनिटला ५०० वाली व्हायल ठेवतच नाही. हिशेब शिकवण्यापेक्षा कपाट आवरणं सोपं पडलं.

दुसरं, कृपा करून इन्सुलिनची सिरिंज 'बारीक माप आहे' म्हणून दुसऱ्या औषधाला वापरू नका. लाल टोपणाच्या ४० युनिटच्या सिरिंजवर ४० रेघा म्हणजे १ मिली, एक रेघ ०.०२५ मिली. केशरी टोपणाच्या १०० युनिटवाल्यावर १०० युनिट म्हणजे १ मिली, एक युनिट ०.०१ मिली. कुणी '१० पर्यंत ओढ' सांगितलं तर एकीत पाव मिली येतो आणि दुसरीत एक दशांश. १ मिलीची ट्युबरक्युलिन सिरिंज मिळते, ती मिलीतच आखलेली असते.

पावडरच्या व्हायलबद्दलही. पावडर स्वतः जागा घेते. १ ग्रॅम सेफ्ट्रायॅक्सोनमध्ये ९.६ मिली घातलं की १० मिली होतं, मिलीला १०० मिग्रॅ. मोठ्याला पूर्ण व्हायल द्यायची तर १० घाला की ९.६, फरक नाही. पण बाळाला त्यातला भाग द्यायचा असतो, तिथे पत्रकात लिहिलेलंच पाणी.

गणेश_अ

एवढा उपद्व्याप कशाला? मोबाइलवर ॲप असतात. वजन टाका, डोस टाका, मिली येतात. २०व्या शतकातून बाहेर या मंडळी.

ट्यूटर_मॅडम

गणेशराव, ॲप वापरा, मीही पडताळायला वापरते. पण ॲप विचारतं 'सांद्रता किती?' आणि तिथे तुम्ही ५००० भरता. ते प्रति मिली की प्रति व्हायल, हे ॲपला कोण सांगणार? वर औषधवाल्या दादांनी जे लिहिलं ते सगळं बोटाने स्क्रीनला हात लावायच्या आधीच घडून गेलेलं असतं.

लीड्सकर

सांगलीहून इंग्लंडला आलेली स्टाफ नर्स. इथली एक शिस्त आवडली म्हणून सांगते.

इथल्या राष्ट्रीय औषध सूचीचा नियम आहे की दशांश शक्यतो येऊच द्यायचा नाही. एक ग्रॅमपेक्षा कमी असेल तर मिग्रॅमध्ये लिहा: ०.५ ग्रॅम नाही, ५०० मिग्रॅ. एक मिग्रॅपेक्षा कमी असेल तर मायक्रोग्रॅममध्ये: ०.१ मिग्रॅ नाही, १०० मायक्रोग्रॅम. आणि 'मायक्रोग्रॅम', 'युनिट' हे शब्द पूर्ण लिहायचे, संक्षेप नाही. आपल्याकडे डिगॉक्सिनच्या गोळीवर ०.२५ मिग्रॅ असतं, इथे त्याच ताकदीच्या गोळीवर २५० मायक्रोग्रॅम. ठिपकाच नाही तर घसरणार काय?

सुरुवातीला मला '२५०' बघून धडकी भरायची, सवय ०.२५ची. अमेरिकेत गेलेल्या मैत्रिणीचा वेगळाच त्रास: पेशंट आपलं वजन पौंडात सांगतो आणि डोस किलोवर. २.२ ने भागायचं राहिलं की डोस दुपटीहून जास्त. परदेशी परीक्षा देणाऱ्या मुलींनी ही रूपांतरं पक्की करून ठेवा, प्रश्न हमखास येतो.

उपकेंद्र_सातपुडा

आमच्या रजिस्टरमध्ये मराठी आकडे आणि वरून आलेल्या चिठ्ठीवर इंग्रजी आकडे. घाईत काढलेला मराठी एक आणि इंग्रजी नऊ यांत मला कित्येकदा फरक दिसत नाही. आम्ही आता औषधाच्या रकान्यात एकाच लिपीत लिहितो आणि कंसात अक्षरी. चेकवर लिहितात तसं. बीएमओ साहेब (आमचे वरचे वैद्यकीय अधिकारी) आधी हसले, मग त्यांनीच बाकीच्या उपकेंद्रांना सांगितलं.

जुन्या_वळणाचे

मी निवृत्त वॉर्ड ब्रदर. आमच्या वेळी पावकी, निमकी, दिडकी पाठ असायची. साडेसात मिली, सव्वादोन मिली, तोंडी यायचं. आताच्या पोरांना सव्वा म्हणजे किती ते विचारून बघा.

एसएनसीयू_ब्रदर

काका, पाठांतर छानच, पण तोंडी ऑर्डरीत 'सव्वा', 'दीड', 'अडीच' नकोच. आमच्याकडे केरळची, मणिपूरची स्टाफ आहे. 'अडीच' ऐकून कुणी साडेतीन समजलं तर? 'दोन पॉइंट पाच' म्हणायचं, समोरच्याने परत म्हणून दाखवायचं, मगच ओढायचं.

जुन्या_वळणाचे

हे मान्य.

जीएनएम_दुसरंवर्ष

सगळ्यांचे आभार, मी वहीत उतरवून घेतलं. इन्सुलिनवर एक गणित स्वतः करून पाहिलं, तपासाल का?

ऑर्डर: रेग्युलर इन्सुलिन ५० युनिट, ५० मिली एनएसमध्ये (नॉर्मल सलाईनमध्ये), सिरिंज पंपावर, ०.१ युनिट प्रति किलो प्रति तास. पेशंट ५५ किलो. आमच्या वॉर्डात व्हायल ४० युनिट प्रति मिलीची. ४० युनिट असतात १ मिलीत, तर ५० युनिट १.२५ मिलीत. मी एनएस ४८.७५ मिली घेतलं. एकूण ५० मिली, मिलीला १ युनिट. तासाला ५.५ युनिट म्हणजे पंप ५.५ मिली प्रति तास. अंदाज आधी केला: एक मिलीपेक्षा थोडं जास्त लागेल. तसंच आलं.

आणि एक उपप्रश्न. पंप नसेल तर थेंबांचं कसं? १ लिटर आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) ८ तासांत.

आयसीयूतली_ताई

इन्सुलिनचं बरोबर. फक्त व्हायल बघूनच करायचं. काही इन्सुलिनच्या व्हायल आणि पेनची सगळी नेहमीची कार्ट्रिज १०० युनिट प्रति मिलीची असतात. तिथे ५० युनिटला अर्धाच मिली. पेनच्या कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने ओढायचा प्रकार काही ठिकाणी चालतो, तो अजिबात करू नकोस: रेघ २० दाखवते, आत जातात ५० युनिट. उलटं केलं, ४०ची व्हायल आणि केशरी टोपण, तर २०च्या रेघेला ८ युनिटच जातात आणि शुगर का उतरत नाही म्हणून सगळे डोकं खाजवतात. लाल टोपण ४०ला, केशरी १००ला.

'इन्सुलिन १२ लोड कर' ऐकलंस की व्हायलचा रंग, सिरिंजचं टोपण आणि ऑर्डर, तिन्ही एकत्र ट्रेमध्ये ठेवून दुसऱ्या सिस्टरला दाखव. तिला तुझं उत्तर सांगू नकोस. तिला तिचं काढू दे, मग जुळव. आधी उत्तर सांगितलं की समोरची मान डोलावते, तपासत नाही.

ट्यूटर_मॅडम

थेंबांचं मी सांगते. १००० मिली भागिले ८, तासाला १२५ मिली. साध्या आयव्ही सेटच्या (सलाईनच्या नळीच्या) पाकिटावर बहुतेक २० थेंब प्रति मिली छापलेलं असतं, काही सेट १५ चे येतात, मायक्रो सेट ६० चा. मिली प्रति तास माहीत असेल तर २० च्या सेटला ३ ने भाग, १५ च्या सेटला ४ ने, आणि मायक्रोला भागायचंच नाही. म्हणजे १२५ ला: २० च्या सेटवर मिनिटाला ४१-४२ थेंब, १५ च्या सेटवर ३१. मायक्रोवर १२५ येतील, ते मोजताच येणार नाहीत, म्हणून लिटरभर आरएल मायक्रोवर कुणी लावत नाही.

कारण शोधून काढ: तासात ६० मिनिटं, ६० भागिले २० म्हणजे ३. हे कळलं की पाठ करावं लागत नाही.

जीएनएम_दुसरंवर्ष

मॅडम, आमच्या स्टोअरमध्ये आत्ता जाऊन बघितलं. एकाच खोक्यात दोन कंपन्यांचे सेट आहेत, एकावर २० आणि एकावर १५.

औषधवाला_मिरज

उद्या इनचार्ज सिस्टरना सांगून दोन खोकी करून घ्या, आणि स्टोअरकीपरना पुढच्या इंडेंटमध्ये (मागणीपत्रात) थेंबांचा आकडा लिहायला सांगा. नुसतं 'आयव्ही सेट' लिहिलं तर जो स्वस्त तो येतो.